एकच बिल, तीन तक्रारी: उद्यमनगरातल्या एका क्रेडिट कार्डाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप असलेल्या एका गृहस्थांचं हे प्रकरण. त्यांना इथे आण्णा म्हणू. वय पंचावन्नच्या पुढे, दोन लेथ आणि एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), शिरोलीच्या फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशिनिंगचं जॉबवर्क. त्यांची जीएसटीची विवरणपत्रं आमच्या कार्यालयातून भरली जातात, म्हणून हे कागद शेवटी माझ्या टेबलावर आले. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. तारखा मात्र तशाच ठेवल्या, कारण यातलं निम्मं भांडण तारखांचंच आहे.

आण्णांकडे एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड होतं, मर्यादा तीन लाख. पेट्रोल, टूल-बिटांची खरेदी, घरचं वाणसामान, सगळं त्यावरच. बिल दर महिन्याला पूर्ण भरायचे, एक दिवसही उशीर नाही. बिलातली एकूण रक्कम बघायची आणि भरून टाकायची, ही त्यांची पद्धत. ओळी वाचायच्या नाहीत.

दोन गोष्टी आधीच घडून गेल्या होत्या. मुलीने परदेशी विद्यापीठात अर्ज केला, तेव्हा फी भरण्यासाठी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू केला होता. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशानंतर नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारा वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. आण्णांनी चालू केला, फी गेली, आणि ते बटण तसंच राहिलं.

दुसरी गोष्ट मुलाची. ड्रॉइंग बघायचं एक सॉफ्टवेअर त्याने दोन रुपयांत ‘चाचणीसाठी’ घेतलं. ‘‘बाबा, ओटीपी आलाय बघा, सांगा जरा,’’ असा फोन आला तेव्हा आण्णा लेथवर होते. त्यांनी ओटीपी सांगितला. चाचणीची मुदत संपल्यावर दरमहा ₹१,४९९ कापले जायला लागले.

अडचण

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार, नागपंचमी. आदल्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक फोनवर त्याचेच व्हिडिओ फिरत होते. आण्णांचाही फोन दिवसभर वाजत होता. शुक्रवारची रात्र उलटून शनिवारच्या पहाटे पावणेदोनच्या सुमाराला बँकेचे दोन एसएमएस आले: २४९ डॉलर आणि १८९ डॉलर, परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या नावाने. ओटीपी आलाच नव्हता. परदेशी संकेतस्थळावर नुसता कार्ड नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे टाकून व्यवहार होऊ शकतो, हे आण्णांना माहीत नव्हतं. ते माहीत नसलेले शिकलेले लोकही मी बरेच पाहिलेत.

शनिवारी अकराच्या सुमाराला त्यांनी एसएमएस पाहिले. आधी वाटलं, हेच फसवे असतील. ही शंका रास्तच होती. एसएमएसमधल्या कोणत्याही नंबरवर फोन न करता त्यांनी कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावला. पलीकडच्या माणसाने कार्ड बंद केलं, त्याचा एसएमएसही आला. तक्रार मात्र नोंदवली नाही. ‘‘व्यवहार अजून पेंडिंग आहे, स्टेटमेंटला पोस्ट झाल्यावर कॉल करा.’’

हे वाक्य बहुतेकांना ऐकावं लागतं, म्हणून त्याबद्दल थोडं. कार्ड वापरताक्षणी बँक फक्त मंजुरी देते आणि तेवढी मर्यादा अडवून ठेवते. दुकानदाराची बँक प्रत्यक्ष मागणी करते ती एक-दोन दिवसांनी. चार्जबॅक म्हणजे दुकानदाराकडून पैसे परत खेचण्याची प्रक्रिया मागणी आल्यावरच सुरू होते, इथपर्यंत त्या माणसाचं खरं. पण ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी सूचना देणं आणि चार्जबॅक ही दोन वेगळी कामं आहेत. सूचना कधीही देता येते. आणि घड्याळ त्या सूचनेवर चालतं.

तो शनिवार दुसरा, म्हणून शाखा बंद. सोमवारी आण्णा शाखेत गेले. ‘‘क्रेडिट कार्डाचं इथं काही नसतं, कस्टमर केअरला बोला.’’ पोच मागितली, मिळाली नाही. मंगळवारी दोन्ही व्यवहार पोस्ट झाले, म्हणजे बिलात चढले: ₹२०,९०४ आणि ₹१५,८६७. त्यांच्याखाली परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क, ₹१,२८७ आणि त्यावरचा जीएसटी ₹२३२. एकूण ₹३८,२९०.

त्या रात्री पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांनी बसून बिलाच्या ओळी वाचल्या, आणि आणखी दोन ओळी सापडल्या. एक सॉफ्टवेअरची, ₹१,४९९, जी पाच महिने चालू होती. दुसरी ‘कार्ड संरक्षण योजना’, करासह ₹२,२४१. वहिनींना आठवलं की बँकेतून एका मुलीचा फोन आला होता आणि आण्णा ‘हां हां’ करत होते.

आण्णांचा पारा चढला. बुधवारी, १४ तारखेला, मुलाकडून त्यांनी बँकेला एकच ईमेल लिहून घेतला: या चारही ओळी आम्ही केलेल्या नाहीत, सगळे पैसे परत करा.

२३ तारखेला उत्तर आलं. व्यवहार ओटीपीने प्रमाणित झालेला आहे, सबब जबाबदारी ग्राहकाची. तक्रार बंद.

समोरचे पर्याय

ते उत्तर घेऊन आण्णा माझ्याकडे आले. ‘‘साहेब, माझा एक रुपाया बी जायला नको. कोर्टात जाऊया.’’

बँकेने ओटीपी कुठून काढला, हे शोधायला वेळ लागला नाही. चार ओळींपैकी ओटीपी फक्त सॉफ्टवेअरच्या नोंदणीला होता, तोही पाच महिन्यांपूर्वीचा. तक्रार पाहणाऱ्याला एक खरी ओटीपी नोंद सापडली आणि तिच्या जोरावर त्याने सगळं प्रकरण मिटवलं. दोष बँकेचा आहेच, पण ही वाट आण्णांच्याच ईमेलने करून दिली होती. ‘आम्ही केलेलं नाही’ हे दोन ओळींबाबत खरं होतं, एकीबाबत खोटं आणि एकीबाबत वादाचं. परदेशी खर्च अनधिकृत होता. सॉफ्टवेअरचा खर्च नकोसा होता, पण अधिकृत: घरच्याच माणसाने घेतला आणि कार्डधारकाने स्वतः ओटीपी सांगितला. संरक्षण योजनेत प्रश्न संमतीचा होता. या तिन्हींना नियम वेगळे, पुरावे वेगळे, मुदती वेगळ्या.

अनधिकृत व्यवहारांसाठी त्या वेळी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक लागू होतं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त ₹१०,०००. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. पिन, ओटीपी स्वतःच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. आणि ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. हा शेवटचा मुद्दा बँकेच्या उत्तरात कधीच नसतो, तो आपणच लिहावा लागतो.

आता दिवस मोजू. संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजी दिवस ग्राहकाच्या शाखेच्या वेळापत्रकाने धरायचे. संदेश शनिवारी, १० तारखेला. रविवार सुटी. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. रागाच्या भरात लिहिलेला तो ढिसाळ ईमेल बरोबर तिसऱ्या दिवशी गेला होता. १५ ऑगस्टची सुटी, आणि शुक्रवारी गेला असता तर चौथा दिवस. दोन व्यवहार, प्रत्येकी दहा हजार, म्हणजे वीस हजारांपर्यंतचा भार आण्णांवर पडू शकला असता. शनिवारचा फोन हीच पहिली सूचना, असाही युक्तिवाद करता येत होता, कारण कार्ड बंद झाल्याच्या एसएमएसवर वेळ होती. पण बँकेने ‘त्यांनी फक्त कार्ड बंद करायला सांगितलं’ असं म्हटलं असतं, तर पुरावा तिच्याच रेकॉर्डिंगमध्ये.

पुढचा प्रश्न बिलाचा. एकूण ₹७१,४८०, देय तारीख ५ सप्टेंबर. पूर्ण भरलं तर व्याजाची कटकट नाही, पण अडतीस हजार अडकणार. आण्णांचं म्हणणं, काहीच भरायचं नाही. ते सगळ्यात वाईट: थकबाकी लागते, विलंब शुल्क लागतं आणि पतअहवालावर डाग येतो, तोही सीएनसीच्या कर्जाचं नूतनीकरण तोंडावर असताना. किमान रक्कम भरली तर विलंब शुल्क टळतं, पण निर्विवाद खरेदीवरही व्याज सुरू होतं, आणि क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. उरला चौथा मार्ग: फसवणुकीची रक्कम वगळून बाकी सगळं भरायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत, फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये असं होतं. हे संरक्षण फक्त फसवणुकीच्या व्यवहाराला मिळतं. म्हणून सॉफ्टवेअर आणि संरक्षण योजनेचे पैसे भरून मगच भांडायचं, यावर मी अडून बसलो. आण्णांना ते अजिबात पटलं नाही. ‘‘चोराला आधी पैसे द्यायचे व्हय?’’

कोर्टाचं, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगाचं, दार बंद नव्हतं. पण बँकेची अंतर्गत प्रक्रिया आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) हे टप्पे बाकी असताना तिकडे धावण्यात वेळ गेला असता, आणि त्या ढिसाळ ईमेलवरच उलटतपासणी झाली असती.

काय केलं

२६ ऑगस्टला तीन वेगळ्या तक्रारी गेल्या, तीन वेगळ्या विषयांनी, आणि प्रत्येकीचा वेगळा तक्रार क्रमांक मागून घेतला.

पहिली, परदेशी व्यवहारांची. त्यात रागाचा एक शब्द नाही. दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, डॉलरमधली रक्कम. शनिवारच्या फोनची वेळ आणि कार्ड बंद झाल्याच्या एसएमएसचं छायाचित्र. १४ तारखेचा ईमेल हीच लेखी सूचना, तिसऱ्या कामकाजी दिवसाची. या दोन व्यवहारांना ओटीपी किंवा इतर कोणतं प्रमाणीकरण झालं असेल तर त्याची नोंद द्यावी. सिद्ध करण्याची जबाबदारी २०१७च्या परिपत्रकानुसार बँकेची आहे. सूचनेपासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी. सोबत बँकेचा डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहारावर आक्षेप घेण्याचा अर्ज. या फॉर्मवर कारणांचे चौकोन असतात आणि कोणत्या चौकोनात खूण केली यावर पुढचं सगळं ठरतं. ‘मी हा व्यवहार केला नाही, कार्ड माझ्याच ताब्यात होतं’ यावर खूण केली. चार्जबॅकला कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या) नियमांनी बहुतेक प्रकारांत साधारण १२० दिवस मिळतात, पण फॉर्म अर्धवट असेल तर ते दिवस पत्रव्यवहारातच जातात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रारही नोंदवली. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. पैसे पुढे सरकण्याआधी थांबवणं हा त्या नंबरचा खरा उपयोग. आता फायदा एवढाच की पोच क्रमांक फॉर्मसोबत जोडता आला. बँकेने नंतर एफआयआरची प्रत मागितली. आम्ही पोच क्रमांक दिला आणि विचारलं की परिपत्रकात एफआयआरची अट कुठे आहे. पुन्हा ती मागणी आली नाही.

दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची. ‘आम्ही केलं नाही’ हे वाक्य काढून टाकलं. मुलाने आधी बँकेच्या ॲपमधून त्या दरमहाच्या कपातीची स्थायी परवानगी रद्द केली. २०२१च्या ऑक्टोबरपासून अशा कपातीच्या आधी किमान २४ तास बँकेने सूचना द्यायची असते आणि ती परवानगी मागे घेण्याची सोयही द्यायची असते. सूचना आण्णांना येत होत्या, पाचही महिने. जाहिरातींच्या गर्दीत त्या कोणी उघडल्या नव्हत्या. मग कंपनीला लिहिलं की सदस्यत्व रद्द करण्याचं बटण संकेतस्थळावर सहज सापडत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या तेरा प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा एक आहे. त्याचा उल्लेख केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली.

तिसरी, संरक्षण योजनेची. एकच मागणी: संमतीचं रेकॉर्डिंग ऐकवा. कार्डासोबत काही विकायचं तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. गप्प बसणं किंवा गृहीत धरणं चालत नाही. खरं सांगायचं तर रेकॉर्डिंगमध्ये आण्णांचं ‘हां हां’ ऐकू आलं असतं, आणि ते होकाराचं की कंटाळ्याचं यावर वाद झाला असता. हा धोका मी त्यांना सांगितला होता.

५ सप्टेंबरच्या आत ₹३३,१९० भरले, म्हणजे ₹७१,४८० वजा ₹३८,२९०. त्याच दिवशी बँकेला हा हिशेब ओळीओळीने लिहून कळवला. भरलेली रक्कम कशाकशाची हे आपण लिहिलं नाही तर बँकेच्या लेखी ते नुसतं ‘अपुरं भरलेलं बिल’ असतं.

निकाल

तात्पुरती जमा दहा कामकाजी दिवसांत आली नाही. गणपती बसून गेले, मग आली: ₹३६,७७१. मार्कअप आणि त्याचा जीएसटी, ₹१,५१९, तसाच राहिला. हे नेहमी होतं. व्यवहार उलटा फिरवणाऱ्या विभागाला त्याच्याखालच्या शुल्काच्या ओळी दिसतच नाहीत की काय कोण जाणे. वेगळा ईमेल टाकला, आठवड्याने तेही आले.

सप्टेंबरच्या बिलात मात्र व्याज लागलं होतं, वादातल्या रकमेवरच. तिथे ५ तारखेचं ते पत्र कामी आलं. पत्राची प्रत आणि २०२२च्या निर्देशांचा संदर्भ देऊन व्याज व त्यावरचा जीएसटी परत घ्यायला लावला. दिवाळी झाल्यावर, सूचनेपासून नव्वद दिवस भरायच्या आत, बँकेने जमा कायम केल्याचं कळवलं. पैसे दुकानदाराकडून आले की बँकेच्या खिशातून, हे सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

संरक्षण योजनेचे ₹२,२४१ ‘सदिच्छा म्हणून’ परत मिळाले. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकवलं नाही. या सदिच्छेचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

सॉफ्टवेअर कंपनीने शेवटच्या महिन्याचे ₹१,४९९ दिले. आधीच्या चार महिन्यांचे ₹५,९९६ गेले. आण्णांना तेही हवे होते. हेल्पलाइनवर तक्रार आहे तेवढ्यावर मी थांबायला सांगितलं, कारण ओटीपी त्यांनी स्वतः दिला होता, सूचनाही मिळत होत्या, आणि पहिल्या तक्रारीची विश्वासार्हता या सहा हजारांपायी घालवण्यात अर्थ नव्हता. ‘‘म्हणजे एक रुपाया नव्हं, सहा हजार गेले,’’ असं ते आजही ऐकवतात.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी फोन ठेवल्याठेवल्या दोन ओळींचा ईमेल करायला हवा होता: अमुक वेळी फोन केला, हे दोन व्यवहार माझे नाहीत. मग बुधवारची धाकधूक उरली नसती. बँकेने एसएमएस आणि ईमेलला थेट ‘रिप्लाय’ करून आक्षेप घेण्याची सोय द्यावी, असंही त्याच परिपत्रकात होतं. सोमवारी शाखेने हात वर केले तेव्हा तेच परिपत्रक दाखवता आलं असतं, कारण सूचना देण्याच्या मार्गांत ग्राहकाची शाखाही होती. पोच मिळाली नसती तर तिथेच उभं राहून शाखेच्या ईमेलवर पत्र टाकता आलं असतं.

परदेशी वापराचं बटण फी गेल्यावर लगेच बंद केलं असतं तर पहिलं प्रकरण उभंच राहिलं नसतं. यासाठी आण्णांना फार दोष देववत नाही. चालू करताना बँक चार वेळा विचारते. बंद करायची आठवण मात्र कोणी देत नाही.

बिलातली कोणती रक्कम भरायची, यावर अजूनही दुमत होऊ शकतं. आमच्याच कार्यालयातल्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं की कर्जाचं नूतनीकरण समोर असताना पूर्ण बिल भरून टाकायला हवं होतं. पैसे आज ना उद्या आलेच असते, आणि व्याज परत मिळवण्याचा खटाटोपही वाचला असता. हातात रोकड असेल तर हा सल्ला चुकीचा नाही. आण्णांकडे त्या महिन्यात ती नव्हती, कारण जुलैअखेरच्या पुराने कास्टिंगच्या गाड्या अडकल्या होत्या आणि दोन मोठी बिलं यायची होती.

बँक अडून राहिली असती तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर मान्य नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी फोन नंबर १४४४८. २३ ऑगस्टचं ‘तक्रार बंद’ हे उत्तर त्यासाठी पुरेसं होतं. तरी आम्ही आधी बँकेलाच पुन्हा लिहिलं, कारण लोकपालापुढे तो चार ओळींचा एकत्र ईमेल मूळ तक्रार म्हणून गेला असता. पहिल्या तक्रारीचा लोकपालासाठीचा मसुदा मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तयार करून ठेवला होता. तात्पुरती जमा आणखी आठवडाभर लांबली असती तर तो गेला असता.